सतरावा फर्मा

"त्या वजन किती उचलू शकतात?" दुकानातल्या बाईंनी विचारलं. प्रश्न साधा होता. त्यांनी काचेच्या कपाटातून तीन पाट्या काढून माझ्यासमोर मांडल्या होत्या. मी पाट्याच म्हणतो, लेक त्यांना वाचनयंत्र म्हणते. त्यांतली कोणती द्यावी हे ठरवायला बाईंना एवढंच हवं होतं, की जिच्यासाठी घ्यायची ती हातात किती वजन धरू शकते. पडदा केवढा हवा, उजेड आतून हवा का, पाण्यात पडली तर चालली पाहिजे का, हे सगळं लेकीने फोनवर सांगून माझ्याकडून कागदावर लिहून घेतलं होतं. वजनाचं ती काही बोलली नव्हती. लेक लांब असते, तिच्या डोळ्यांसमोर आईचे हात अजून दोन वर्षांपूर्वीचेच आहेत. मला उत्तर पक्कं ठाऊक होतं, फक्त ते ग्रॅममध्ये सांगता येत नव्हतं. माझी बायको एक फर्मा उचलू शकते. गेल्या वर्षी या दिवसांत पाच उचलायची, मग तीन, मग बरेच दिवस दोन. आता एक. हे अनोळखी बाईला सांगायचं तर फर्मा म्हणजे काय इथपासून सुरुवात करायला हवी होती, आणि तेवढं बोलण्याचं त्राण सकाळपासून माझ्यात नव्हतं.

तरी पिशवीत हात घातला आणि फर्मा काढून काचेवर ठेवला. म्हणालो, "छापखान्यात एका मोठ्या कागदावर सोळा पानं छापतात. त्या कागदाची घडी घातली की हे तयार होतं. असे चाळीस एकापाठोपाठ शिवले की जाडजूड कादंबरी. ती सध्या एका वेळी एवढंच धरते." बाईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. मी डाव्या तळहातावर पाटी घेतली, उजव्यावर फर्मा. चव्वेचाळीस वर्षं बाइंडिंग केलं की तळहाताचा काटा होतो. "हे दहा फर्मे झाले," मी म्हणालो. "काहीतरीच काय काका," बाई हसल्या, "ही सगळ्यांत हलकी आहे आमच्याकडची." आणि कौतुकाने म्हणा की मला खोटं पाडायला म्हणा, त्यांनी फर्मा उचलून पार्सलच्या काट्यावर ठेवला. अठरा ग्रॅम. मग पाटी ठेवली. एकशे ऐंशी. त्या काट्याकडेच बघत राहिल्या. एरवी माझा अंदाज असा तंतोतंत निघाला असता तर मी दोन दिवस मिशीला पीळ देत हिंडलो असतो. त्या वेळी मी पाटी काट्यावरून उचलून परत काचेवर ठेवली. जगातली सगळ्यांत हलकी वस्तू म्हणून जी माझ्यापुढे ठेवली होती, ती माझ्या बायकोला गेल्या वर्षीच जड झाली होती.

बाई चांगल्या होत्या. त्यांनी लगेच पाटी उभी करायचं स्टँड दाखवलं, बोटात धरायचं एक इवलंसं बटण दाखवलं. बटण दाबलं की पान उलटतं, हात हलवायला नको. "आणि यात हजारो पुस्तकं मावतात," त्या म्हणाल्या. मी मान डोलावली. तिला एकच पुरं करायचं होतं. "तुम्ही स्वतः सध्या काय वाचताय, काका?" त्यांनी सहज विचारलं. "हेच," मी म्हणालो, "बायको वाचते तेच." आणि विषय बदलायला फर्मा परत पिशवीत घातला. घालताना त्याच्या पहिल्या पानाच्या पायाशी छापलेला बारीक आकडा पुन्हा डोळ्यांत गेला. सतरा. या आकड्यासाठीच तर मी सकाळी चहा अर्धा टाकून, बायकोला शेजारणीच्या भरवशावर ठेवून इथे येऊन उभा होतो.

झालं होतं असं, की सकाळी मी हाडाची पट्टी शोधत होतो. कागदाची घडी दाबायची ती पट्टी गेली तीस वर्षं माझ्याजवळ आहे आणि तीस वर्षं रोज सकाळी हरवते. गॅलरीतल्या टेबलावरचे पुठ्ठे उचलले, कापडाचे तुकडे झटकले, आणि सगळ्यांत खालच्या पुठ्ठ्याखाली हा पडलेला. व्यवस्थित, सपाट, कुणी मुद्दाम ठेवावा तसा. पहिल्यांदा ओळखलाच नाही. मग आकडा पाहिला आणि टेबलाला धरून उभा राहिलो. बायको एकविसावा वाचत होती. सोळावा तिला दोन आठवड्यांपूर्वी दिला होता, त्यानंतर अठरावा दिला असणार. चव्वेचाळीस वर्षांत माझ्या हातून फर्मा सुटला नव्हता. पुस्तक शिवण्याआधी सगळे फर्मे ओळीने लावून आकडे तपासायचे, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा आणि शेवटचाही. एक फर्मा गाळलेलं पुस्तक बाहेर गेलं की बाइंडरची अब्रूच गेली. पण मी टेबलाला धरून उभा राहिलो तो अब्रूसाठी नाही. मी उभा राहिलो तो अशासाठी, की ती काही बोलली नव्हती.

ती न बोलणं म्हणजे काय, हे कळायला ती कोण हे कळलं पाहिजे. आमच्या छापखान्यात ती मुद्रितशोधक होती. तिची खोली आणि आमचं बाइंडिंग यांच्यामध्ये एक भिंत होती आणि भिंतीत एक चौकोनी खिडकी, जिच्यातून कागद इकडून तिकडे सरकवायचे. खिडकीच्या त्या बाजूला ही, कानामागे पेन्सिल, लाल शाईने बरबटलेली तर्जनी. ओळीतला स्वल्पविराम दमलेला असला तरी तिला दिसायचा. मालक म्हणायचे, हिला लग्नाची पत्रिका दाखवू नका, नवरामुलगा दुरुस्त करून परत पाठवील. तिच्या हाताखालून गेलेला फर्मा छापून, घडी घालून माझ्याकडे यायचा. मला वाचायची खोड होती आणि बाइंडरने वाचायचं नसतं, त्याने आकडा बघायचा असतो. पण फर्मा सोळा पानांवर संपतो, त्याला वाक्याशी काही देणंघेणं नसतं. कधी वाक्य अर्ध्यात तुटतं, कधी माणूस दारात उभा राहतो आणि आत गेला की नाही ते पुढच्या फर्म्यात. असाच एकदा एक डॉक्टर दाराच्या कडीवर हात ठेवून राहिला आणि पुढचा फर्मा तीन दिवस येईना. चौथ्या दिवशी मी खिडकीत डोकं घातलं. विचारलं, "त्या डॉक्टरांचं काय झालं हो?" तिने मान वर केली नाही. "फर्मा आल्यावर कळेल," म्हणाली. मी म्हणालो, "मग पुढचा द्या ना." ती म्हणाली, "आधी माझा होऊ दे." ते 'द्या' वर्षभराने 'दे' झालं, आणखी काही महिन्यांनी आम्ही लग्न केलं, पण क्रम तोच राहिला. ती पुढे, मी मागून. घरात एकच पुस्तक यायचं, तिचं आधी वाचून व्हायचं आणि मग माझं. पुढे मला धीर निघेना आणि मी नवीन पुस्तक आणलं की सरळ मधोमध उसवून दोन करू लागलो. तिचा पूर्वार्ध झाला की तो माझा, ती उत्तरार्धात. लोक जेवताना भांडतात, आम्ही 'सांगू नकोस' आणि 'सांगत नाहीये' यावरून भांडायचो. तिने आधी वाचलेलं नाही असं एकही पान मी लग्नानंतर वाचलेलं नाही. हे मी अभिमानाने सांगतो की लाजेने, ते माझं मलाही ठरवता आलेलं नाही.

ही चाळीस फर्म्यांची कादंबरी आम्ही वीस वर्षांपूर्वी घेतली होती आणि निवांतपणी वाचू म्हणून ठेवून दिली होती. सुटे फर्मे छापखान्यातूनच मिळवले, मी स्वतः शिवले, निळ्या कापडात बांधले, कण्यावर सोनेरी रेघ मारली. असं काम मी मालकांच्या मुलीसाठीही केलं नव्हतं. निवांतपणा आला तो असा. आधी तिच्या हातातून कप निसटायला लागले. मग शर्टाची बटणं. मग एक दिवस डॉक्टरांनी स्नायूंच्या आजाराचं एक लांबलचक नाव कागदावर लिहून दिलं आणि तिने त्यातली अक्षराची चूक दाखवली. डॉक्टर हसले, मग कसेनुसे झाले, आणि बाहेर मला एकट्याला म्हणाले, हात, मग पाय, मग श्वास. डोळे आणि डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत राहतं, तेवढं समाधान माना. घरी येऊन तिने निळं पुस्तक मागितलं. मांडीवर ठेवलं तर पेलेना. मी लाकडी घोडी करून आणली तर म्हणाली, "मी काय भाषणाला उभी आहे?" मग मी ते गॅलरीत नेलं आणि सुरी घेतली. स्वतः घातलेले टाके स्वतः कापणं काय असतं ते बाइंडरलाच विचारावं. कापड सोललं, सरस खरवडला, सूत ओढून काढलं. चाळीस फर्मे सुटे केले आणि पेलतील तेवढे तिला देऊ लागलो. वाचून झाला की ती परत द्यायची, मी तो नीट रचून वजनाखाली ठेवायचो. "छान चाललंय," म्हणायची. "पुढचा दे."

आणि अठरावा हातात पडला तेव्हाही तिने हेच म्हटलं होतं. छान चाललंय. सोळा पानांचा खड्डा पडला होता आणि मुंगीएवढी चूक न सोडणारी बाई त्यावरून चालत गेली होती. याचा अर्थ एकच होता. ती वाचत नव्हती. किती दिवसांपासून, देव जाणे. नुसती फर्मा धरून पडून राहत होती, माझी पावलं वाजली की पान उलटत होती, मला वाईट वाटू नये म्हणून. डॉक्टर म्हणाले होते डोळे राहतील, डोकं राहील, आणि मी त्या दोन शब्दांना धरून वर्ष काढलं होतं. हात गेले तरी ती तिथे आहे, माझ्यापुढे दोन पावलं, काहीतरी बघते आहे जे मला अजून दिसायचं आहे, एवढ्यावर माझं चाललं होतं. तेच नसेल तर मग घरात मी कुणाजवळ होतो? मग मीच स्वतःला समजावलं. म्हटलं, कंटाळली नसेल, अक्षरं दिसत नसतील. कागद पिवळा पडलाय, टाइप बारीक आहे. मोठं अक्षर हवं, मागून उजेड हवा. लेक वर्षभर पाटी घ्या, पाटी घ्या म्हणून मागे लागली होती आणि मी तिला उडवून लावत होतो, ती पाटी एकदम मला औषधासारखी दिसायला लागली. सतरावा फर्मा उघडूनही न बघता पिशवीत टाकला. का टाकला, माहीत नाही. सुटलेलं मूल कडेवर घेऊन पोलिसचौकीत जावं तसा घेऊन आलो.

"अक्षर हवं तेवढं मोठं होतं," बाई सांगत होत्या, पडद्यावर बोट ठेवून ओळी फुगवून दाखवत होत्या. त्यांनी ती चाळीस फर्म्यांची कादंबरी शोधून काढली होती. होती त्यात. मी म्हणालो, "दोनशे सत्तावन्नावं पान काढा." सतरावा तिथेच सुरू होतो. त्या म्हणाल्या, "काका, यात पान असं ठरलेलं नसतं. अक्षर वाढवलं की पानं वाढतात, कमी केलं की कमी होतात. म्हणून आम्ही टक्क्यांत मोजतो." जन्मभर मी एकच गोष्ट पक्की धरली होती की सोळा म्हणजे सोळा. "आणि तुम्हा दोघांना वाचायचं असेल," त्या पुढे म्हणाल्या, "तर दोन घ्या आणि एकाच नावाने जोडा. तुमच्या मिसेस कुठपर्यंत वाचल्या ते तुमच्यावर दिसेल. जो सर्वांत पुढे असेल त्याची जागा ते लक्षात ठेवतं आणि विचारतं, तिथे जायचं का." "कायमचं लक्षात ठेवतं?" मी विचारलं. "कुणी आणखी पुढे जाईपर्यंत." त्या सहज म्हणाल्या, त्यांची काही चूक नव्हती. पण मला एकदम ती दुकानातली थंडगार हवा सोसेना. मला ती रिकामी खोली दिसली, हातात पाटी, आणि पाटीवर एक आकडा, जो आता कधीच पुढे सरकणार नाही. मी त्यांना म्हणालो विचार करून येतो. त्यांनी तिन्ही पाट्यांची माहिती एका कागदावर लिहून दिली, आणि खाली, मी सांगितलं नव्हतं तरी, 'वजन – दहा फर्मे' असं लिहिलं.

घरी आलो तेव्हा दुपार कलली होती. शेजारीण गेली. खिडकीजवळच्या पलंगावर ती उशांना टेकून बसली होती, पोटावर एकविसावा उघडा. पावलं वाजवत मुद्दाम हळू आलो, पान उलटतं का बघायला. उलटलं नाही. "मिळाली का पाटी?" तिने विचारलं. तिचा आवाज आता लहान झालाय, पण टोक तसंच आहे. "जड आहे," मी म्हणालो. "किती?" "दहा फर्मे." "अगं बाई. मग मी तिला वाचायच्या आधी तीच मला वाचील." मी हसलो नाही. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी बटणाचं सांगितलं, टक्क्यांचं सांगितलं, ती जागा लक्षात ठेवते ते सांगितलं, आणि सांगता सांगता पिशवीतून फर्मा काढून तिच्या पांघरुणावर ठेवला. बोलायचं बरंच ठरवलं होतं रस्त्यात. समजूतदार, शहाण्या माणसासारखं. तोंडातून एवढंच आलं, "हा राहिला होता."

तिने आकडा पाहिला. भुवई हलली नाही. "सापडला एकदाचा," ती म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"सोळाव्याच्या शेवटी ती रात्री दाराची कडी काढते. अठराव्याच्या पहिल्या ओळीला ती बोटीत बसलेली आहे. चौतीस वर्षं मुद्रितं तपासली मी, बाइंडर. आंधळी कोशिंबीर खेळत नव्हते." लग्नाआधीपासून ती मला बाइंडरच म्हणते, चारचौघांतसुद्धा.

"मग बोलली का नाहीस?" माझा आवाज चढला. सकाळपासूनचं सगळं त्या आवाजात आलं असणार. ती वाचत होती, ती होती, मला नाचावंसं वाटत होतं आणि मी आजारी बायकोवर ओरडत होतो. "मी काय काय मनात आणलं! तिकडे त्या दुकानात जाऊन... मला वाटलं तू वाचतच नाहीयेस. बोलायचं ना एका शब्दाने!"

"वाट बघत होते."

"कसली वाट?"

"तुझी." ती थांबली. आता तिला लांब बोलायचं तर मध्ये श्वास गोळा करावा लागतो. "म्हटलं, अठरावा माझा झाला की तुझ्याकडे जाईल. तू पहिल्याच ओळीला अडखळशील आणि धावत येशील, सतरावा कुठाय म्हणून. अठरावा दिला. एकोणिसावा दिला." पुन्हा श्वास. "विसावा दिला. तू आला नाहीस."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिची पीं पीं चालली होती. वजनाखाली रचलेला तो गठ्ठा गॅलरीच्या दारातून दिसत होता, एकसारखा, चारही कोपरे जुळलेले. "कधीपासून?" तिने विचारलं. रागाने नाही. मुद्रितावर शंका असली की विचारायची तसं. "चौथ्यापासून," मी म्हणालो. तिने छताकडे बघत हिशेब केला. "म्हणजे सोळा फर्मे मी तिथे एकटीच होते," ती म्हणाली. "मला वाटत होतं तू मागे आहेस."

खरं ते सांगितलं. की फर्मा हातात घेतला की कोपऱ्यावर तिच्या बोटाची दमट खूण असते. दर फर्म्याला ती खूण मोठी होत चालली होती, पान धरायला तिला जास्त जोर लागत होता म्हणून. ती खूण बघितली की अक्षरं लागेनात. की जितकं मी वाचीन तितका तिच्याजवळ येईन, आणि कुठल्या तरी फर्म्याच्या शेवटी तिला गाठीन, आणि तिथे ती नसेल. म्हणून मागेच बसलो. तिला आंधळी ठरवायला तीन पाट्या बघून आलो आणि पट्टी माझ्याच डोळ्यांवर होती. "वाचवत नाही गं मला," मी म्हणालो आणि रडलो. तिला हात उचलून माझ्या डोक्यावर ठेवता येत नव्हता, म्हणून मीच डोकं तिच्या हाताखाली नेलं.

"पुरे," ती थोड्या वेळाने म्हणाली. "डोकंही जड झालंय तुझं. काढ तो सतरावा आणि वाच. मोठ्याने." मी म्हणालो, "तुझा आधी होऊ दे." "मोठ्याने वाचलंस की दोघांचा एकदम होईल. अक्कल चालव." तेव्हा मी खुर्ची ओढली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्या मागून नव्हे, बरोबरीने वाचायला लागलो. ज्या सोळा पानांनी आम्हाला घोर लावला होता त्यांत काय होतं? ती बाई कडी काढून बाहेर पडते आणि धक्क्यावर जाऊन बोटीची वाट बघते. बस. बोट येत नाही. ती दोरखंड बघते, पाणी बघते, चपलेचा अंगठा तुटतो तो शिवून घेते, पुन्हा पाणी बघते. "सोळा पानं!" बायको म्हणाली. "मी तपासायला असते तर लेखकाला सांगितलं असतं, हा सबंध फर्मा नसला तरी चालेल." आम्ही दोघंही हसलो, ती हसताना धाप लागेपर्यंत. बोट सोळाव्या पानाच्या शेवटच्या ओळीला आली. मी फर्मा मिटला तेव्हा ती म्हणाली, "उद्या जा आणि पाट्या घेऊन ये. दोन. आणि मला वचन दे, माझ्यामागून येशील. मला कळतं."

दोन आणल्या. अगदी हलक्यातल्या. तिची स्टँडवर, बटण तिच्या उजव्या तर्जनीखाली, जिच्यावर पूर्वी लाल शाई असायची. माझी माझ्या मांडीवर, अक्षर मोठं करून, कारण मोतीबिंदू मला झालाय हे तिने दुसऱ्याच दिवशी ओळखलं. मी चौथ्या फर्म्यापासून सुरुवात केली. पाटीवर फर्मे नसतात, पण मी मनात घड्या घालून वाचायचो. रोज दुपारी उघडली की पाटी विचारायची, 'दुसऱ्या यंत्रावर तुम्ही एक्कावन्न टक्क्यांपर्यंत वाचलं आहे. तिथे जायचं का?' आम्ही दोघं मिळून एकच माणूस आहोत असा तिचा समज होता. मी 'नाही' दाबायचो आणि आपला मागून यायचो. कधी एका दुपारी बायको तीन टक्के सरकायची, कधी अर्धा. मध्ये काही दिवस आकडा हललाच नाही, मग पुन्हा हलला. मी ठरल्याप्रमाणे वाटेत अडखळलो की ओरडून विचारायचो, "बोटीवरच्या त्या म्हातारीचं काय झालं?" आणि ती पलंगावरून, ऐकू येईल न येईल असं म्हणायची, "फर्मा आल्यावर कळेल." शेवटच्या आठवड्यात तिचं बोट बटण दाबेना. मी म्हणालो, "मी दाबतो, तू सांग कधी." तिने मानेने नको म्हटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने मला जवळ बोलावलं आणि, आम्ही कुठे बाहेर निघालो असताना आरशापाशी रेंगाळत जसं म्हणायची, अगदी तसं म्हणाली, "तू हो पुढे. मी आलेच."

ती गेली त्याला आता चार महिने झाले. आकडा त्रेसष्टवर आहे. मी बासष्टपर्यंत आलो आणि थांबलो. लेक फोनवर विचारते, बाबा, वाचता ना? हो म्हणतो, आणि या वेळी ते खरं असतं. तिला हे सांगत नाही, की मी अक्षर मोठं करत नेलंय. मोठं केलं की पानं वाढतात. बासष्ट आणि त्रेसष्टच्या मध्ये पूर्वी सहा पानं होती, मी त्यांची पंचवीस केली, मग चाळीस. आता एका पानावर जेमतेम चार ओळी मावतात. कुणी आणखी पुढे जाईपर्यंत, असं त्या बाई म्हणाल्या होत्या. मी तिच्या एक पान जरी पुढे गेलो की तिची जागा पुसली जाणार आणि तिथे माझी येणार. माणसाची एवढीच खूण उरली असताना ती आपल्या अंगठ्याने कोण पुसेल?

काल दुपारी चार-चार ओळींनी चालूनही ती जागा आली. कादंबरीतली ती बाई इतक्या वर्षांनी परत येऊन भावाच्या घरापुढे उभी आहे. दार वाजवते. 'आतून आवाज आला,' असं लिहिलंय, आणि स्वल्पविराम. तिथे पडदा संपतो. सगळे फर्मे जिथे संपतात तिथेच, नको तिथे. मी बराच वेळ तो स्वल्पविराम बघत बसलो. तिने शेवटचा पाहिलेला. बरोबर जागी होता, नाहीतर ती बोलली असती. "पुढचा दे," मी म्हणालो, मोठ्याने. घरात कुणी नव्हतं. उन्हाचा पट्टा तिच्या रिकाम्या पलंगावर आला होता, स्टँडवर तिची पाटी तशीच उभी होती. ती बंद पडू नये म्हणून मी दर आठवड्याला तिला वायर लावतो. मग मी पान उलटलं. आतून विचारलं होतं, 'कोण आहे?' चौसष्ट टक्के. तिने न वाचलेलं, लग्नानंतरचं माझं पहिलं पान. काही झालं नाही. खाली रस्त्यावर मोटारी चालू होत्या.

माझी पाटी मिटवली आणि उठून तिची उघडली. पण तिच्यावर तीच ओळ होती, तोच स्वल्पविराम, जिथे ती होती तिथेच, आणि त्यावर एक चौकट आली होती. 'दुसऱ्या यंत्रावर तुम्ही चौसष्ट टक्क्यांपर्यंत वाचलं आहे. तिथे जायचं का?' खाली 'हो' आणि 'नाही'. मी कुठेच बोट लावलं नाही. खुर्ची ओढून तिच्या पलंगाशेजारी बसलो, ऊन उशीवर चढेपर्यंत. प्रश्न मला विचारलेला नव्हता.